चार वेळा दिसलेली गोगलगाय

मी तिथे गेले ते झोप लागत नव्हती म्हणून. आध्यात्मिक ओढ वगैरे काही नव्हती. आईला जाऊन तीन वर्षं होत आली होती, दिवस नीट चालले होते, पण रात्री अडीच-तीनला डोळे टक्क उघडायचे आणि मग पहाटेपर्यंत छातीवर कुणी तरी हात ठेवून बसलंय असं वाटत राहायचं. एका मैत्रिणीनं सांगितलं, की एक गृहस्थ आहेत, ते ढोलाच्या तालावर माणसाला आत उतरवतात आणि तिथे ज्याला त्याला आपापला प्राणी भेटतो. तिला भेटला होता. त्यानंतर तिच्या बोलण्यात एक निवांतपणा आला होता. मला तो निवांतपणा हवा होता.

गृहस्थ सत्तरीचे. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी ढोलाला हातच लावला नाही. आम्ही सहाजण गोल करून बसलो होतो आणि ते तासभर एका शब्दाबद्दल बोलत होते. मला तेव्हा जरा कंटाळा आला होता. आता वाटतं, त्या तासाशिवाय पुढचं काहीच मला कळलं नसतं.

तो शब्द म्हणजे 'टोटेम'. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या भोवती राहणारे ओजिब्वे लोक, ते स्वतःला अनिशिनाबे म्हणतात, त्यांच्या भाषेतला 'दूडेम'. त्याचा अर्थ कूळ. बगळ्यासारखा क्रौंच, लून नावाचा पाणपक्षी, अस्वल, मुंगसासारखा मार्टेन, मासा, हरीण अशी त्यांची कुळं. बापाचं कूळ तेच मुलांचं, आणि एकाच दूडेमच्या मुलामुलीचं लग्न होत नसे, कारण ती एकमेकांची भावंडं. 1701 साली मॉन्ट्रियलला फ्रेंचांशी मोठा तह झाला, तेव्हा कितीतरी जमातींच्या प्रमुखांनी सही म्हणून त्या कागदावर प्राण्यांची चित्रं काढली. चित्र काढणारा एकटा असे, पण चित्र त्याच्या सगळ्या माणसांचं असे. आपल्याकडच्या पुस्तकांत टोटेमला 'देवक' किंवा 'कुलप्रतीक' म्हणतात तेही म्हणूनच.

मग 'माझा टोटेम', 'तुझा टोटेम' हे आलं कुठून? काका म्हणाले, एका गैरसमजातून. जॉन लाँग नावाचा एक इंग्रज कातड्यांचा व्यापारी या लोकांमध्ये राहिला होता. 1791 साली त्याचं पुस्तक छापलं गेलं आणि त्यात हा शब्द पहिल्यांदा इंग्रजीत आला. त्यानं तो 'टोटम' असा लिहिला आणि अर्थ दिला तो प्रत्येक माणसावर लक्ष ठेवणारा त्याचा आवडता आत्मा. वयात येताना उपास करून, स्वप्नात पाहून मिळणारा स्वतःचा राखणदार ही कल्पनाही त्या लोकांत होतीच, पण ती वेगळी. लाँगनं दोन्हींची गल्लत केली. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी 1962 मध्ये ही गल्लत नीट उलगडून दाखवली, तोवर शब्द जगभर फिरून आला होता.

"आणि आपण जे करणार आहोत," काका म्हणाले, "ते ओजिब्वेंचंही नाही. ही रीत मायकेल हार्नर या अमेरिकन अभ्यासकाची. तो ॲमेझॉनच्या जंगलातल्या लोकांकडे शिकला, मग जगभरच्या रीतींतून जे समान वाटलं ते काढून त्यानं एक सोपी पद्धत बसवली आणि 1980 साली लिहून काढली. म्हणून इथे कुणी 'माझा टोटेम' म्हणायचं नाही. ज्यांचा शब्द आहे त्यांची जमीन गेली, पोरं हिसकावून शाळांत कोंडली, भाषा मारली. निदान शब्द तरी त्यांचा त्यांच्याकडे राहू दे."

मग काय म्हणायचं, असं एकानं विचारलं. काका म्हणाले, सोबती म्हणा. मला शब्द आवडला. सोबती आपल्या मालकीचा नसतो.

घरी जाताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. आठवडाभर प्राण्यांची चित्रं, व्हिडिओ मुद्दाम बघायचे नाहीत. आणि जमिनीत उतरायची एक वाट ठरवून यायचं. ती खरी, स्वतः पाहिलेली हवी. विहीर, बीळ, झाडाची ढोली, काहीही चालेल, पण मनानं रचलेली नको. मी लहानपणी ज्या झाडाखाली खेळायचे त्याच्या मुळाशी एक पोकळी होती, तिच्यात मी हात घालायला भ्यायचे. मी ती ठरवली.

पुढच्या वेळी आम्ही सतरंजीवर उताणं झोपलो. डोळ्यांवर ओढणीची घडी. काकांचा ढोल म्हणजे लाकडी गोल चौकटीवर एका बाजूनं ताणलेलं कातडं, डफापेक्षा मोठं. हातात धरून काठीनं वाजवायचं. ताल एकच, कुठेही चढउतार नाही, मिनिटाला दोनशेच्या थोडा वर. म्हणजे सेकंदाला तीन ते चार ठोके. दोन-तीन मिनिटांनी ठोके वेगळे ऐकू येईनासे होतात, एक सलग घुमणं उरतं आणि कातड्याच्या आत कुणी तरी गुणगुणतंय असं वाटू लागतं. पंधरा मिनिटांनी ताल तुटतो, काही ठळक ठोके पडतात, मग घाईघाईचा ताल सुरू होतो. तो परत यायचा इशारा. जिथे असाल तिथून आल्या वाटेनं निघायचं.

सुरुवातीला मनात तीनदा म्हणायचं होतं, की मी माझ्या सोबत्याला भेटायला निघाले आहे. आणि एक खूण लक्षात ठेवायची होती. जो प्राणी चार वेळा, चार वेगवेगळ्या बाजूंनी दिसेल, तोच. हीदेखील हार्नरचीच कसोटी.

पहिल्या वेळी मला ससाणा दिसला. सुंदर होता. बसलेला, मान वळवलेली, पिवळं बुबुळ. उठल्यावर मी भरभरून सांगितलं. काकांनी विचारलं, "पाठीमागून दिसला?" नाही. "खालून? उडताना पोट दिसलं?" नाही. एकाच बाजूनं, एकाच जागी, छायाचित्रात असतो तसा. ते काही बोलले नाहीत, माझं मलाच कळलं. मी तो सोबत घेऊन गेले होते.

दुसऱ्या वेळी काहीच दिसलं नाही. पोकळीत शिरले, मातीचा वास आला, अंधार होता, ढोल थांबला. परतीच्या रस्त्यावर मला रडू आलं, कारण बाकीच्या पाचजणांना काही ना काही भेटलं होतं.

तिसऱ्या वेळी मी काही मागितलं नाही. ते तीनदा म्हणायचं वाक्यही एकदाच म्हटलं. पोकळीत हात घातला. लहानपणी जो कधी घातला नव्हता तो. आतली माती ओली आणि कोमट होती. उतार लागला. बाजूच्या भिंतीवर एक चमकती रेघ होती, रुपेरी, वाकडीतिकडी, आणि मी तिच्या मागे मागे गेले.

रेघेच्या टोकाशी एक दगड होता आणि दगडावर शंख. मी वरून बघत होते. तपकिरी वेटोळं, मध्यभागी अगदी बारीक, फिकट टोक. मला वाटलं रिकामा आहे.

मग कसं कोण जाणे, मी तिच्या खाली होते. काचेतून वर पाहावं तशी मला तिची चालण्याची बाजू दिसत होती. राखाडी, मऊ, आणि तिच्यातून गडद पट्टे एकामागून एक शेपटीकडून डोक्याकडे सरकत होते, पाण्यावरच्या लाटांसारखे. सगळं अंग जागच्या जागी आणि लाटा मात्र चाललेल्या. हे मी पूर्वी खिडकीच्या काचेवर नकळत पाहिलं होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही.

तिसऱ्यांदा दिसली ती बंद. शंखाचं तोंड माझ्याकडे आणि त्यावर पापुद्रा, साईसारखा, वाळलेला. मी त्याच्याकडे बघत राहिले. ढोल चालू होता. मला हात लावावासा वाटला आणि त्याच क्षणी मला माझा हात दिसला. त्या हातात मीठ होतं.

चौथ्यांदा ती समोर होती, पूर्ण बाहेर आलेली, चारही शिंगं काढलेली. वरची दोन लांब, टोकाला काळे ठिपके. त्यांतलं एक माझ्याकडे वळलं. बास, एवढंच. ताल तुटला आणि मी आल्या वाटेनं परत निघाले, पण पाय उचलत नव्हते.

मिठाचं सांगायला हवं.

माझ्याकडे कुंड्या आहेत, पंचवीस-तीस. आदल्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी रोपांचा फडशा पाडला होता. आज लावलेलं उद्या देठासकट नाहीसं. त्यांच्या तोंडात हजारो सूक्ष्म दात असलेली एक पट्टी असते, किसणीसारखी, तिनं त्या पान खरवडून खातात. मी रात्री टॉर्च घेऊन निघायचे आणि एकेकीवर मिठाची चिमूट टाकायचे. मीठ तिच्या ओल्या अंगावर पडलं की आतलं पाणी ओढून घेतं. ती आक्रसते, फेस काढते, पिवळट हिरवा, बुडबुड्यांचा, स्वतःला त्या मिठापासून वेगळं करायची धडपड करते. शिंगं आत जातात आणि मग बाहेर येतच नाहीत. याला काही सेकंद लागत नाहीत, बराच वेळ लागतो. मी तिथे थांबायचे नाही. पुढच्या कुंडीकडे जायचे. सकाळी खराट्यानं शंख गोळा करायचे, त्यांचा कचकच आवाज यायचा.

मी काकांना म्हटलं, "माझं काही तरी चुकलं. परत करू या." ते म्हणाले, "तुला नकोशी वाटली म्हणून ती चूक कशी?" मी मिठाचं सांगितलं. बाकीचे ऐकत होते. काका बराच वेळ ढोलाच्या कातड्यावरून बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, "जॉन लाँगनं एक गोष्ट लिहिली आहे. घरी जाऊन मिळाली तर वाच. आणि अर्थ सांगणाऱ्या याद्या बघू नकोस. महिनाभर खरी गोगलगाय बघ."

याद्या मी तरीही पाहिल्या. कुणाला आवरलंय? गोगलगाय म्हणजे संयम. गोगलगाय म्हणजे सावकाश चला, स्वतःचं घर स्वतःबरोबर ठेवा. वाचताना बरं वाटलं आणि म्हणूनच मला त्या याद्यांबद्दल शंका आली. त्यात प्राणी कुठेच नव्हता, फक्त आपल्याला आवडेल असं आपलंच वर्णन होतं. सगळे अर्थ गोड. एखादा प्राणी आपल्याकडे तक्रार घेऊन येऊ शकतो, हे कुठल्याच यादीत नव्हतं.

लाँगची गोष्ट मात्र मिळाली. एका माणसाचा राखणदार अस्वल. ज्याचा राखणदार जो प्राणी, त्यानं तो प्राणी मारायचा नाही, खायचा नाही. हा माणूस शिकारीला जातो आणि त्याच्या गोळीनं अस्वलच मरतं, नकळत. तो भीतीनं कोसळतो. शुद्धीवर येऊन घराकडे निघतो, तर वाटेत दुसरं अस्वल त्याला गाठतं, पाडतं, त्याचं तोंड ओरबाडतं. तो घरी येऊन सांगतो, की माझा राखणदार माझ्यावर रागावला, आता मला कधी शिकार मिळणार नाही. लाँगला ही अंधश्रद्धा वाटली. त्याच्या शब्दाच्या अर्थात गल्लत असेल, पण त्या माणसाचं दुःख त्यानं नीट टिपलं आहे. मी ती दोन पानं किती वेळा वाचली असतील. त्या माणसाला कुणी 'अस्वल म्हणजे धैर्य' असं सांगितलं नव्हतं. त्याला एकच ठाऊक होतं, की ज्याला आपण मारू नये त्याला आपण मारलं.

मग मी काका म्हणाले तसं केलं. महिनाभर म्हटलं होतं, झाले अडीच महिने. पावसाळ्याचे उरलेले दिवस, रोज संध्याकाळी. टॉर्च तीच. हातमोजे घालून, कारण गोगलगायींच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. नंतर हात साबणानं स्वच्छ धुवायचे. रोपं वाचवणं भागच होतं, शेतकऱ्यासाठी तर ती कीडच आहे आणि त्याच्या नुकसानीपुढे माझ्या कुंड्या म्हणजे काहीच नाहीत. पण मी आता त्या वेचून एका टोपल्यात घालायचे, आणि एका कोपऱ्यात वाळका पाला, सालं, कोबीची पानं टाकून त्यांना तिथे सोडायचे. बऱ्याच जणी परत यायच्या. सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर अशा चालीनं रात्रभर चालत त्याच कुंडीपाशी.

जे पाहिलं त्यातलं थोडं सांगते.

शंख ती बांधत नाही, शंखासकट जन्मते. मध्यावरचं ते फिकट बारीक टोक म्हणजे तिचं अंड्यातून बाहेर पडतानाचं घर. पुढचं सगळं ती शंखाच्या तोंडाच्या कडेनं चुन्यानं वाढवत नेते. म्हणजे तिचं बाळपण तिच्या पाठीवर तसंच राहतं, सगळ्यांना दिसेल असं. माझ्याकडे येणाऱ्या एकीच्या शंखाला तडा गेला होता. तिनं तो आतून सांधला. सांधलेली जागा पांढुरकी, खडबडीत राहिली आणि पुढची वेटोळी तिच्या पुढे नीट सुरू झाली.

तिला कान नाहीत. ऐकू असं काही येत नाही. ढोलाच्या हाकेनं मला भेटलेली सोबतीण ठार बहिरी, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ गप्प बसले होते. जमिनीतून येणारी थरथर मात्र तिला कळते. वरच्या शिंगांच्या टोकाला डोळे, तेही उजेड-अंधार आणि धूसर आकार दिसण्यापुरते. खालची दोन शिंगं वास-चवीची. बाकी सगळं ती अंगानं जाणते. 'गोगलगाय अन् पोटात पाय' असं आपण लबाड माणसाला म्हणतो. शास्त्रज्ञांनी या सगळ्या वर्गाला दिलेलं नाव 'गॅस्ट्रोपोडा', त्याचाही अर्थ अक्षरशः तोच, ग्रीक भाषेत गॅस्टर म्हणजे पोट आणि पूस (पोडोस) म्हणजे पाय. दोन इतक्या लांबच्या भाषांतल्या माणसांनी तिला उलटी करून पाहिलं आणि एकच गोष्ट पाहिली. लबाडी तेवढी आपण घातली. पोटावर चालणाऱ्या जिवाला जगाशी सगळा संबंध आपल्या सगळ्यात मऊ बाजूनं ठेवावा लागतो, हे म्हणीत आलं नाही.

आणि शिंग आत कसं जातं ते. एका संध्याकाळी मी गवताच्या काडीनं एका शिंगाच्या टोकाला हलकेच स्पर्श केला. ते मागे सरलं नाही, आतल्या आत उलटं झालं. हातमोज्याचं बोट ओढून काढताना आतली बाजू बाहेर येते ना, त्याच्या उलट. डोळा सगळ्यात आधी आत गेला, मग बाकीचं त्याच्यावर मिटलं. मी घड्याळ लावलं. सव्वा मिनिट. मग टोक आलं, थोडंसं, डोळा अजून आतच. मग आणखी थोडं. पूर्ण बाहेर यायला जवळजवळ तीन मिनिटं. त्यानंतर मी पुन्हा काडी लावली नाही.

इथपर्यंत मी एकच धरून चालले होते, की ती गोगलगाय म्हणजे मी. आई गेल्यावर मिटलेली, माणसांत न जाणारी, फोन पालथा ठेवणारी. सगळेच असं धरतात. सिंह भेटलेल्याला आपण सिंह वाटतो. पण मला खाली उतरल्यावर जे दिसलं होतं त्यात गोगलगाय समोर होती आणि हात माझा होता. मीठ माझ्या हातात होतं. ही गोष्ट मी दोन महिने टाळत होते.

मला एक मोठी बहीण आहे. आईच्या शेवटच्या महिन्यात मी आईजवळ होते आणि ताई दुसऱ्या गावी. तिचं येणं जमत नव्हतं, कारणं खरी होती. एका रात्री मी थकले होते, फोनवर तिला म्हणाले, "तुझं काय जातं? तू लांबून विचारपूस करायची, झालं." पलीकडून काही आवाज आला नाही. मी थांबले नाही. आणखी बोलले. एकेका वाक्यानं. ती मधे एकदाच म्हणाली, "बरं." मग फोन ठेवला.

आईच्या दिवसांना ती आली, सगळं केलं, गेली. त्यानंतर तीन वर्षं माझ्या निरोपांना 'हो', 'बरं', 'ठीक'. कुणी विचारलं, की तुमचं दोघींचं काय बिनसलं, तर मी सांगायचे, "मी काहीच केलं नाही गं, तीच शंखात जाऊन बसली आहे."

हे वाक्य माझं आहे. मी ते किती जणांना म्हटलं असेन. शंख हा शब्दसुद्धा माझाच. आणि ज्या काळात मी ते म्हणत होते त्याच काळात मी रात्री टॉर्च घेऊन कुंड्यांपाशी उभी असायचे.

तो सगळा प्रकार माझ्याच मेंदूनं रचला असेल का? असेलही. अंधार, एकसारखा ताल, ओली माती, आणि मनाच्या तळाशी बसलेलं काही तरी. कुणी तसं म्हटलं तर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की तीन वर्षांत जे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते चार दृश्यांत माझ्यासमोर ठेवलं गेलं, आणि ठेवणारीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला चेहराच नाही. एक डोळा वळला, एवढंच.

पुढे एकदा काकांना मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, जा, माफी माग. ते म्हणाले, "ती बंद होते तेव्हा आतून काय करते, पाहिलंस का?"

मी पाहिलं होतं. पाऊस गेला, हवा कोरडी झाली आणि एकेक गोगलगाय कुंड्यांच्या कडांना, सावलीत, चिकटून बसू लागली. शंखाच्या तोंडावर तोच पापुद्रा, तिच्याच चिकट द्रवाचा वाळलेला. मला वाटायचं ते दार आहे, आपल्यासाठी लावून घेतलेलं. तसं नाही. ते आतलं पाणी वाचवण्यासाठी असतं. हृदयाचे ठोके मंद होतात, श्वास मंद होतो, खाणं नाही, आणि उरलेला ओलावा ती त्या पापुद्र्याआड जपते. रागाशी त्याचा काहीही संबंध नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या वाळवंटातून आलेला एक शंख 1846 साली मेलेला समजून पुठ्ठ्यावर डकवून ठेवला होता. 1850 मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं, की तोंडावरचा पापुद्रा नवा दिसतोय. कोमट पाण्यात ठेवल्यावर ती गोगलगाय बाहेर आली आणि चालू लागली.

पापुद्रा बाहेरून फोडता येतो. नखानंसुद्धा. पण तसं केलं तर तिनं राखलेलं पाणी उडून जातं आणि तिला आपल्याच अंगातून पुन्हा नवा पापुद्रा काढावा लागतो.

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला उठले.

त्या आठवड्यात मी ताईला लिहिलं. चार दिवस लागले. पहिल्या मजकुरात 'मी तेव्हा फार थकले होते' असं होतं, ते खोडलं. दुसऱ्यात 'तुलाही वाईट वाटलं असेल' होतं, तेही खोडलं, कारण त्यात 'असेल' होतं. शेवटी उरलं ते असं: ताई, आई आजारी असताना मी तुला जे बोलले ते खोटं होतं. तू रोज रात्री नऊला फोन करायचीस आणि तो झाल्यावर आई फोन उशीशी धरून झोपायची. हे मी पाहिलं होतं आणि तुला कधी सांगितलं नाही. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

पाठवल्यावर हात थरथरत होते. संध्याकाळी दोन निळ्या खुणा उमटल्या.

झोपेचं म्हणाल तर अजूनही अडीचला जाग येते. फरक इतकाच, की आता मी उठते आणि बाहेर कुंड्यांकडे जाते. सांधलेल्या शंखाची ती एक गोगलगाय कडेच्या कुंडीला आतल्या बाजूनं चिकटलेली आहे, जमिनीपासून वीतभर वर. टॉर्चचा उजेड मी तिच्यावर थेट पाडत नाही, भिंतीवर पाडते. पापुद्रा शाबूत आहे. उजेड तिरका पडला की तो कागदासारखा दिसतो, मध्ये थोडासा आत दबलेला.

ताईचं उत्तर अजून आलेलं नाही. कुंडी मी हलवलेली नाही.